ओसाकात तिच्या मागे कोण होतं

आमच्या ओळखीच्या घरांत, शारजात, दुबईत आणि तिकडे पुण्यातल्या नातेवाइकांतही, एक गोष्ट पक्की होऊन बसली आहे. माझी मुलगी कंपनीच्या कामासाठी एकटी जपानला गेली, ओसाका शहरात कुणीतरी आपल्या मागे फिरतंय असा तिला भास झाला, ती घाबरली आणि तिथे मिळत असलेली चांगली जागा सोडून परत आली. ही गोष्ट मीच पसरवली. फोनवर सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली, गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद हातात धरून सांगितली. सांगताना आवाज थोडा खाली आणायचो, बापाला शोभेल इतका. "हळवी आहे हो पोर," असं शेवटी जोडायचो.

तिला भास झाला नव्हता. तिच्या मागे खरोखरच माणूस होता, आणि तो मी पाठवला होता.

मी तरुणपणी इकडे आखातात आलो आणि इथेच म्हातारा झालो. एका विजेच्या सामानाच्या कंपनीत गोदाम सांभाळलं. मुलगी दुबईतल्या ऊद मेथाच्या शाळेत शिकली, पुढे मालवाहतुकीच्या कंपनीत लागली, आणि माझी नोकरी संपली तेव्हा आम्हा नवरा-बायकोचा व्हिसा तिच्यावर आला. पूर्वी तिच्या व्हिसावर स्पॉन्सर, म्हणजे जबाबदार माणूस, म्हणून माझं नाव असायचं, आता माझ्या व्हिसावर तिचं असतं. बँकेतल्या माणसाने एकदा मला "सर, तुमचा स्पॉन्सर कोण?" असं विचारलं तेव्हा मी "माझी मुलगी" म्हणालो, आणि घरी येऊन बायकोला ते हसत हसत सांगितलं. पण ते हसू पूर्ण खरं नव्हतं. मुलगी जिथे राहील तिथे आमचं राहणं बांधलेलं होतं; ती दुसऱ्या देशात राहायला गेली की आम्हाला भारतात परतावं लागणार. हे इथेच सांगून ठेवतो, कारण पुढे जे मी केलं त्यात याचाही हात होता का, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

शारजात अल मजाजच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर तिने ओसाकाची बातमी दिली. कंपनी तिथे छोटं ऑफिस उघडणार होती. दोन वर्षांसाठी कुणीतरी हवं होतं. साहेब म्हणाले होते, आधी थोडे दिवस जाऊन शहर बघून ये, जमेल वाटलं तर हो म्हण.

"एकटी?" मी विचारलं.

"नाही, बँडबाजा घेऊन." तिने आमटी वाढून घेतली. "बाबा, आय ॲम थर्टी-फोर."

"मी वय नाही विचारलं."

"एकटीच जाणार. नो काका, नो फॅमिली फ्रेंड, नो कुणाचा मेव्हणा."

"जपान फार सुरक्षित असतं म्हणतात," बायको म्हणाली.

"दुबईही सुरक्षित आहे आई. तरी बाबांना टॅक्सीचा नंबर पाठवावा लागतो."

हे खरं होतं. भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी छाती पुढे काढून सांगायचो की इथे बाईमाणूस कितीही उशिरा बाहेर पडू दे, कुणाची वाकड्या नजरेने बघायची हिंमत नाही. आणि त्याच संध्याकाळी मुलगी अर्धा तास उशिरा आली तर खिडकीत जाऊन उभा राहायचो. शहराच्या सुरक्षिततेचं कौतुक मी पाहुण्यांसाठी ठेवलं होतं. घरच्यांसाठी माझ्याकडे वेगळे नियम होते.

तिने मला सगळं दाखवलं. ओसाकाच्या आगगाड्यांत बायकांसाठी वेगळा डबा असतो, त्याच्या दारापाशी फलाटावर गुलाबी खूण असते. तिने घेतलेल्या हॉटेलात एक मजला फक्त बायकांचा, लिफ्टमध्ये कार्ड लावल्याशिवाय तिथे जाता येत नाही. कोपऱ्याकोपऱ्यावर पोलिसांची छोटी चौकी. मी तेच सगळं उलट बाजूने वाचलं.

"डबा वेगळा ठेवावा लागला, म्हणजे काहीतरी होत असणारच ना?"

"आपल्या मेट्रोतही लेडीज डबा आहे. मग इथे काय होतं?"

इथे काय होतं हे मला बाप म्हणून कमी आणि पुरुष म्हणून जास्त माहीत होतं.

बायकोला इकडे आणण्याआधी मी दुबईत अल कुसैसला एका खोलीत आणखी पाच जणांबरोबर राहत होतो. सगळे महाराष्ट्रातले, सगळे एकटे. संध्याकाळी काम संपलं की आम्ही बाल्कनीत उभे राहायचो. समोरच्या इमारतीत एक नर्स राहायची. बसमधून उतरून ती घरापर्यंत चालत जायची आणि आम्ही बघायचो. तेवढंच. कुणी शिटी मारली नाही, कुणी हाक मारली नाही, आमच्यातला एक जण तर तिला "ताई" म्हणायचा, अर्थात आपापसात. मग ती दिसेनाशी झाली. आम्हाला वाटलं खोली बदलली असेल. पुढे कळलं की ती एक थांबा आधी उतरून मागच्या गल्लीतून येते. आम्ही रागावलो. आपण काय केलं तिला? काहीच केलं नव्हतं. सहा जण रोज बघत होतो, एवढंच.

मुलीच्या बाबतीत मला भीती वाटायची ती अशा सभ्य माणसांची. आणि तरीही मी जे केलं ते केलं.

आखातात आलेला प्रत्येक जण कुणाच्या तरी हवाली होऊन आलेला असतो. मला विमानतळावर घ्यायला गावातल्या एकाचा साडू आला होता. त्यानेच खोली दाखवली, त्यानेच पहिलं जेवण घातलं. पुढे मीही कितीतरी पोरांना घ्यायला गेलो, ज्यांची नावंही मला नीट माहीत नव्हती. कुणी मस्कतला निघालं, दोह्याला निघालं, की आमच्याकडे पहिला प्रश्न, "तिथे आपलं कोण आहे?" कुणी नसलं तर शोधायचं. ही आमची रीत आहे आणि ती वाईट आहे असं मी म्हणणार नाही. त्या रीतीवर आमची आयुष्यं उभी राहिली.

शारजात माझे एक जुने स्नेही आहेत, रत्नागिरीकडचे. जपानहून जुन्या गाड्या मागवतात आणि पुढे आफ्रिकेत पाठवतात. त्यांना मी भाई म्हणतो, ते मला भाऊ म्हणतात. त्यांच्या दुकानात चहा पिताना मी ओसाकाचं नाव काढलं.

"ओसाका? हात् तेरी! भाऊ, आधी बोलायचं ना. आपला भाचा हाय तिथे. गाड्यांच्या यार्डात. चांगला पोरगा, नमाजी. नंबर देऊन ठेवा तुमच्या मुलीला, काय लागलं तर फोन करंल."

"ती नाही करायची."

"मग त्यालाच सांगतो, हॉटेलवर जाऊन भेटंल. बहीण समजून फिरवंल."

"नको, नको. तिला आवडणार नाही. तिला कळता कामा नये. त्याने फक्त लांबून लक्ष ठेवायचं. समोर यायचं नाही."

भाई कपात बघत राहिले. "लांबून? लांबून म्हंजे कसा, भाऊ?"

"म्हणजे ठीक आहे ना, एवढंच बघायचं."

"इन्शाल्ला," ते म्हणाले, पण नेहमीसारखं जोरात नाही.

भाईंकडून नंबर घेऊन मी त्या भाच्याला तिचा फोटो पाठवला. हॉटेलचं नाव पाठवलं. माझ्या मुलीचा फोटो आणि ती झोपते ती जागा, मी कधीही न पाहिलेल्या पुरुषाला फोनवरून पाठवली, आणि पाठवल्यावर मला हायसं वाटलं.

ती गेली. तिकडचं घड्याळ इथल्यापेक्षा पाच तास पुढे. इथे आमची दुपारची जेवणं होऊन बायको आडवी झाली की तिथे संध्याकाळ झालेली असायची. मुलीचे फोटो आईला यायचे: झाकलेला लांबलचक बाजार, कालव्यावरचे दिवे, कसल्याशा तव्यावरचे गोळे. भाच्याचे निरोप मला यायचे. मी बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांच्या आड उभा राहून वाचायचो. "मॅडम हॉटेलातून निघाल्या." "बाजारात आहेत." "जेवल्या. आता स्टेशनकडे." त्याची यार्डातली पाळी संपली की तो बिचारा आगगाडीने शहरात यायचा. मी त्याला शाबासकी द्यायचो.

पण निरोप आला की पुढच्या निरोपापर्यंतचा वेळ जास्त कठीण जायचा. बाजारात आहे म्हणजे गर्दीत आहे. स्टेशनकडे म्हणजे फलाटावर. मी विचारायचो, आसपास कोण आहे? तो लिहायचा, पुष्कळ लोक आहेत. मी लिहायचो, नीट बघ. अनोळखी माणसं तिच्याकडे बघत नाहीत ना, हे मी एका अनोळखी माणसाला तिच्याकडे बघत राहून तपासायला लावत होतो. तेव्हा मला यात काही विचित्र दिसलं नाही.

मग मी लिहिलं, "एक फोटो पाठव. म्हणजे मला बरं वाटेल."

फोटो आला. फलाटावर मुलगी पाठमोरी उभी, खांद्यावर तिची हिरवी पिशवी, आणि मान अर्धी वळलेली. ती का वळली होती ते मला नंतर कळलं. जपानात विकल्या जाणाऱ्या फोनच्या कॅमेऱ्याचा आवाज बंद करता येत नाही. बायकांचे चोरून फोटो काढू नयेत म्हणून तिकडे तशी पद्धत पडली आहे. भाच्याला हे माहीत होतं, पण वडीलधाऱ्या माणसाने सांगितलं म्हणून त्याने बटण दाबलं. फलाटावर कुणी मोठ्याने बोलत नाही. तो खट् आवाज तिच्या कानाशी वाजल्यासारखा ऐकू गेला.

थोड्या वेळाने तिचा फोन आला. आईला न करता मला.

"बाबा." ती जवळजवळ कुजबुजत होती. "बाबा, एक माणूस माझ्या मागे आहे. मी पोलीस चौकीत बसलेय. घाबरू नका."

"काय झालं?"

"निळी टोपी आहे. चष्मा. आपल्याकडचा वाटतो, इंडियन किंवा पाकिस्तानी. परवा बाजारात होता. काल स्टेशनवर. मी म्हटलं योगायोग असेल. आज त्याने माझा फोटो काढला, बाबा. मी वळले तर पळाला."

त्या क्षणी एक वाक्य पुरेसं होतं. बाळ, तो मीच पाठवलाय. ती चिडली असती. आठवडाभर बोलली नसती. पण तिची भीती तिथेच, त्या चौकीत, संपली असती.

तेवढ्यात फोनवर दुसरा कॉल वाजायला लागला. भाई.

"थांब जरा, दुसरा फोन येतोय," मी म्हणालो. एकटी मुलगी परक्या शहरात पोलीस चौकीत बसलेली, आणि मी तिचा फोन ठेवून दुसरा घेतला.

"भाऊ, पोरगा रडतोय," भाई म्हणाले. "तुमची मुलगी पोलिसात गेली. त्याचा व्हिसा जाईल, भाऊ. त्याच्या घरात तो एकटा कमावणारा. तुम्ही सांगा तिला. आत्ता सांगा."

"सांगतो."

"काय सांगणार?"

"सांगतो म्हटलं ना!"

मी तिला परत फोन लावला. जे सांगितलं ते असं.

"तू नीट बघितलंस का? गर्दीत सगळे सारखेच दिसतात."

"टोपी तीच होती."

"टोप्या काय, हजार जण घालतात. तू दमलीयेस. नवीन जागा, भाषा येत नाही. एकटं असलं की माणसाला असं वाटायला लागतं."

"कॅमेऱ्याचा आवाज आला, बाबा."

"फलाटाचा काढत असेल. नाहीतर गाडीचा. तिथे लोक गाड्यांचेही फोटो काढतात, तूच सांगितलंस."

तिच्या बाजूला कुणीतरी जपानीत काही विचारत होतं, आणि एक यंत्र ते इंग्रजीत बोलून दाखवत होतं. तक्रार लिहायची आहे का, असं ते विचारत होतं.

"तुम्हाला खरंच वाटतं, मला भास झाला?" तिने विचारलं.

"हो."

मग ती पोलिसाशी बोलली. मला फोनवर सगळं ऐकू आलं. "सॉरी," ती म्हणाली. "आय मे हॅव मेड अ मिस्टेक." त्या पोलिसाने तरीही तिला चालत हॉटेलपर्यंत सोडलं. त्याने तिच्यावर विश्वास ठेवला होता. ठेवला नाही तो मी, ज्याला खरं काय ते माहीत होतं.

उरलेले दिवस ती ऑफिस ते हॉटेल टॅक्सीने गेली आणि आली. भाच्याला मी लांब राहायला सांगितलं. बायको विचारत होती, फोटो का येईनासे झाले? मी म्हणालो, काम वाढलं असेल.

परत आल्यावर तिने ती जागा नाकारली. साहेबांना काय सांगितलं ते मला माहीत नाही. आम्हाला म्हणाली, "शहर चांगलं आहे. मीच ठीक नव्हते. जे दिसतंय ते खरं की खोटं, हेच कळेना." तिच्या जागी ऑफिसातली दुसरी मुलगी गेली. आम्ही अल मजाजलाच राहिलो. त्या महिन्यात मी एकदा तळ्याकाठी फिरत असताना माझ्या लक्षात आलं की मला बरं वाटतंय. भारतात परत जायला लागणार नाही, घर मोडायला लागणार नाही. हे लक्षात आल्यावर मी बाकावर बसलो आणि बराच वेळ उठलो नाही. खरं सांगितलं असतं तर ती ओसाकाला गेली असती. हे मला चौकीतल्या त्या फोनच्या वेळी सुचलं होतं का? मी स्वतःला पुष्कळ विचारलं आहे. सुचलं नव्हतं असं शपथेवर सांगता येत नाही.

आणि मग लोक विचारू लागले, जपानचं काय झालं? मी भासाची गोष्ट सांगू लागलो. खोट्याला एकदा घरात जागा दिली की ते पाहुण्यांसमोर चहा घेऊन येतं.

सगळ्यात कठीण गेलं ते तिचं मला विचारणं. ती पूर्वी असं विचारत नसे. मॉलमधून निघताना म्हणायची, "बाबा, तो माणूस आपल्याकडे बघत होता की मला वाटलं?" पार्किंगमध्ये, "ती गाडी मघापासून मागे आहे ना? की नाही?" आपल्या डोळ्यांची खात्री ती माझ्याकडून करून घ्यायची. मी म्हणायचो, "नाही गं, काही नाही." कधी खरंच काही नसायचं. कधी मी बघितलेलंच नसायचं.

मग आमच्याच इमारतीत ते घडलं. ती कामावरून आली, खाली गाडी लावली. एक माणूस खांबापाशी उभा होता. तिला खटकलं. लिफ्टमध्ये तोही शिरला. तिला अजून खटकलं. पूर्वीची ती असती तर बाहेर पडून वॉचमनच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली असती. ती आत राहिली. आमच्या मजल्यावर ती उतरली तेव्हा तोही उतरला, त्याने तिचा दंड धरला आणि तिचा नंबर मागू लागला. समोरच्या घरातल्या केरळच्या बाई कचरा ठेवायला दार उघडून बाहेर आल्या आणि ओरडल्या, म्हणून तो जिन्याने पळाला. कॅमेऱ्यात सगळं होतं. पोलिसांनी त्याला लवकरच पकडलं. तो आमच्या इमारतीतला नव्हताच.

मुलगी सोफ्यावर बसली होती आणि तिची आई तिच्या दंडाला थंड पाण्याची पट्टी लावत होती. दंडावर बोटं उठली होती.

"लिफ्टमध्ये शिरलीसच का, तो बरोबर असताना?" आई म्हणाली.

"खालीच वाटलं होतं मला काहीतरी गडबड आहे म्हणून."

"मग?"

"मग म्हटलं, परत ओसाकासारखं असेल. माझ्याच डोक्यात." ती माझ्याकडे वळली. "या वेळी नव्हतं ना बाबा?"

मी त्या दिवशीही बोललो नाही. हेही लिहून ठेवायला हवं. त्यानंतर कितीतरी दिवस मी भाजी आणली, पेपर वाचला, बायकोच्या गोळ्या आणल्या. छातीत कुणी मूठ आवळून बसल्यासारखं व्हायचं. डॉक्टर म्हणाले गॅसेस आहेत.

एका शनिवारी सकाळी, पोहे खाऊन झाल्यावर, मी फोन काढला आणि तो फलाटावरचा फोटो उघडून तिच्यासमोर टेबलावर ठेवला.

तिने पाहिलं. बोटांनी मोठा केला. स्वतःची पिशवी ओळखली.

"हा कुठून आला तुमच्याकडे?"

"तुला भास झाला नव्हता," मी म्हणालो. "तो माणूस मी पाठवला होता. भाईंचा भाचा. चौकीतून तुझा फोन आला तेव्हा मला माहीत होतं."

तिची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात ओली बशी. "काय म्हणालात?"

मी परत म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणणं जास्त जड गेलं.

"निळी टोपी?" मुलीने विचारलं.

"हो."

"चष्मा?"

"हो."

"दुसऱ्या दिवशी त्या झाकलेल्या बाजारात, चाकूंच्या दुकानासमोर?"

"मला दुकान माहीत नाही. पण बाजारात होता."

ती उठली आणि खिडकीशी गेली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. परत येऊन म्हणाली, "नंबर द्या त्याचा."

"त्याचा काही दोष—"

"बाबा, नंबर."

तिने स्पीकरवर फोन लावला. तो कामावर असावा, मागे इंजिनाचा आवाज होता. तिने नाव सांगितलं आणि तिकडे इंजिन बंद झालं.

"ताई," तो म्हणाला, "ताई, माफ करा. मला वाटलं तुम्हाला... मी फक्त काकांनी सांगितलं म्हणून..."

"ते मी नंतर बघते. आधी सांग, तू कुठेकुठे होतास?"

"अं?"

"माझ्या मागे. एकेक जागा सांग."

तो चाचरत सांगू लागला. हॉटेलसमोरचं दुकान. "हो, तिथे पाहिला होता," ती म्हणाली. बाजार. "पाहिला होता." स्टेशनची वरची बाजू. "तिथेही." कालव्यावरचा पूल. ती थांबली. "पुलावर होतास? तिथे नाही दिसलास."

"मी लय लांब होतो ताई. दुसऱ्या टोकाला."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि मी तिच्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत तिचा चेहरा मी असा पाहिला नव्हता. एकेक गोष्ट ती परत ताब्यात घेत होती. "ऐक. दोष तुझा नाही. म्हणजे आहे. थोडा आहे. कुणी म्हणालं की बाईच्या मागे लपून फीर, तर नाही म्हणायचं. तो तिचा बाप असला तरी."

"हो ताई. माझी बहीण पण हेच बोलली."

"बहिणीला आधी विचारायचं होतंस."

फोन ठेवल्यावर तिची आई माझ्यासमोर बसली. "मला पण नाही सांगितलंत," ती म्हणाली. "मी पण तिला म्हणाले, होतं असं कधीकधी. तुमच्यामुळे मी पण म्हणाले." इतक्या वर्षांच्या संसारात मी तिचा राग पुष्कळ पाहिला होता. हा राग मला ओळखीचा नव्हता. कित्येक दिवस ती माझ्याशी भाजी-मीठ यापलीकडे बोलली नाही.

मुलगी मात्र त्याच सकाळी बोलली, अगदी ऑफिसात बोलावं तशी.

"तुमचा दोघांचा व्हिसा मी रिन्यू करणार. तो विषय खलास. त्याची काळजी करायची नाही. पण इथून पुढे मी कुठे चाललेय हे तुम्हाला कळणार नाही. आईला सांगेन. आईने तुम्हाला सांगायचं नाही."

"आणि काही झालं तर?"

"तर आईला कळेल. आणि मला कळेल. मला कळतं बाबा, हे सिद्ध झालंय."

थोड्या वेळाने ती पुन्हा आली. "अजून एक. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत की मला भास झाला. आता सगळ्यांना सांगा की नव्हता झाला. एकेकाला फोन करून तुम्ही सांगणार नाही, मला माहीत आहे. लिहा. नावं घालू नका कुणाची, त्या मुलाची तर नकोच. पण लिहा."

म्हणून लिहिलं. ओळखीचे लोक वाचतील तेव्हा ओळखतील.

ती जागा तर गेलीच. पण गेल्या आठवड्यात ती पुन्हा निघाली, कामासाठी की नुसतीच, हेही मला सांगितलेलं नाही. बायकांसाठीची टॅक्सी मागवली होती, चालवणारी बाईच होती. मी बॅग खाली नेऊन डिकीत ठेवली. बॅगेवर एअरलाइनची पट्टी आहे का हे मी बघितलं, आणि मी बघतोय हे तिने बघितलं. "आत जा बाबा," ती म्हणाली.

तेव्हापासून मी हे लिहीत बसलो आहे. कुठल्या शहराची बातमी वाचायची तेही ठाऊक नाही, म्हणून सगळ्याच शहरांच्या वाचतो. आताच तिच्या आईचा फोन वाजला. तिने निरोप वाचला, काहीतरी लिहून पाठवलं, चष्मा काढून पुसला आणि फोन घेऊन आत गेली. चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही. मी विचारलं नाही.